लाल डब्यातले एकवीस प्रश्न

चाकणच्या आमच्या कंपनीत मी स्टोअरला आणि बायको क्वालिटीला. लाइनवरून आलेला पार्ट तपासायचा, जरा जरी शंका आली तरी लाल डब्यात टाकायचा, हे तिचं काम. तिच्या सहीशिवाय पेटी पुढे जात नाही. सात वर्षांत तिने पास केलेला एकही पार्ट परत आलेला नाही. घरातही ती ताक फुंकूनच पिते, त्याचा त्रास मी भोगतो.

बाहेरून बी.कॉम. झाल्यावर तिने वकिलीचं मनावर घेतलं. सकाळी भरणारं एकच कॉलेज जमण्यासारखं होतं: सकाळी वर्ग, दुपारी सेकंड शिफ्ट. तिथे जागा मिळाली तरच शिक्षण, नाहीतर नोकरी सोडावी लागणार, आणि ते आम्हाला परवडणारं नव्हतं.

पहिल्या वर्षी सीईटीत ती थोडक्यात हुकली. अभ्यास पक्का असून असं कसं, म्हणून मी तिची उत्तरं मोबाइलवर उघडली. एकवीस प्रश्न कोरे!

“चुकलं तरी गुण कापत नाहीत, माहीत होतं ना?”

“व्हय, माहीत व्हतं.”

“मग?”

“उत्तराची खात्री नव्हती. हातच उचलंना.”

ती मोशीजवळच्या चिखलीची, हिरमुसली की माहेरची बोली बाहेर येते. मला आधी हसू आलं, मग लाज वाटली. ज्या सवयीचं कंपनीने कौतुक केलं, त्याच सवयीने जागा घालवली होती. मी म्हणालो, “पुरे आता, सोड हा वकिलीचा नाद.” दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी कंपनीच्या बसमध्ये बसल्यावर तिने पुस्तक माझ्या हातात दिलं.

“विचारा. आन् पाच मोजा. तेवढ्यात मी बोललंच पायजे.”

मग वर्षभर तेच. मोशीच्या चौकात बस अडकली की बाकीचे शिव्या द्यायचे, आम्ही प्रश्न उरकायचो. सुरुवातीला पाच म्हणेपर्यंत ती गप्पच. अंदाज सांग म्हटलं की असं बघायची, जणू मी तिला चोरी करायला लावतोय. एकदा भडकलीच, “तुमास्नी खेळ वाटतोय व्हय?” पण दुसऱ्या दिवशी पुस्तक पुन्हा माझ्या हातात. हळूहळू ती बोलू लागली, “दोन तर न्हाईतच. उरलेल्यातलं हे.” मला साधी तंबाखू सुटलेली नाही, त्यामुळे तिने काय चालवलं होतं ते मला बरोबर कळत होतं.

दुसऱ्या वर्षी परीक्षा संपल्यावर ती बाहेर आली, तिची पिशवी सांभाळत मी फाटकाशीच उभा होतो.

“किती कोरे सोडलेस?”

“एक पण न्हाई.”

“आणि शंकेचे?”

“समदे माझ्या सहीनं पाठवले.”

रस्त्यातच माझे डोळे भरून आले.

ती जागा तिला मिळाली. यादी लागली त्या दिवशी दोघांचीही सेकंड शिफ्ट होती. लाइनवर पेढे वाटले, आणि कामाला लागताच एक पार्ट तिच्या हातात अडला. गाडी भरायची घाई होती. सुपरवायझर लाडीगोडीने म्हणाला, “वकीलबाई, आजच्या दिवस जाऊ द्या की.”

तिने पार्ट लाल डब्यात टाकला आणि पुढचा उचलला.