हेर क्र्युगर यांचं जाकीट

"हे माझं जाकीट नाही," हेर क्र्युगर म्हणाले आणि त्यांनी स्वतःचीच सात सेंटिमीटरची फिगर माझ्या टेबलावर ठेवली.

दिवस सोमवार. शुक्रवारी माझी प्रोबेत्साइट संपणार होती, म्हणजे नोकरी पक्की होण्याआधीचे सहा महिने. जर्मनीत, वोल्फ्सबुर्गमधलं आमचं मॉडेलचं वर्कशॉप छोटं होतं. एरवी मी इमारतींची मॉडेल्स रंगवायची. ही ऑर्डर एका मोटरसायकल क्लबची होती. आठ मेंबर, सगळे काळ्या लेदरमध्ये, क्लबच्या काचेच्या कपाटात उभे राहणार. हेर, म्हणजे श्रीयुत, क्र्युगर क्लबचे अध्यक्ष. त्यांनी नापास केलं की ऑर्डर गेली आणि बहुतेक मीही.

आता, काळं लेदर नुसत्या काळ्या रंगाने रंगवलं तर कचऱ्याच्या पिशवीसारखं दिसतं. म्हणून खाली अगदी गडद करडा द्यायचा, चुण्यांच्या कडांवर निळसर रेघ ओढायची आणि जिथे लेदर घासतं तिथे तपकिरी रंग पुसटसा लावायचा. शेवटी मॅट वॉर्निश, फक्त खांद्यांवर थोडी चमक. मी कोपरं मस्त झिजवली होती. मला त्यांचा फार अभिमान होता.

"मी दर शनिवारी जाकिटाला ग्रीस लावतो," ते म्हणाले. "माझी कोपरं झिजलेली नाहीत."

माझी बॉस फ्राऊ लिंडनर हळूच म्हणाली, "फ्राऊ कांबळे, त्यांना हवं तसं द्या."

दिलं. तपकिरी काढला, चमक वाढवली. बुधवारी त्यांनी भिंगातून बघितलं.

"आता मी पाणबुड्या दिसतोय."

माझं डोकं फिरलं. "मग उद्या जाकीटच घेऊन या!"

गुरुवारी ते जाकीट घेऊन आले. सोबत बायकोही. मी दिव्याखाली जाकीट पसरलं. कोपरं खरंच नव्यासारखी होती. माझा चेहरा पडला. मी पुस्तकातलं लेदर रंगवलं होतं, या माणसाचं नाही. मग नजर खाली गेली. चेनच्या दोन्ही बाजूंना, बरोबर पोटावर, तळहाताएवढा रुंद तपकिरी पट्टा. पेट्रोलच्या टाकीवर घासून घासून पार विटलेला.

"तिथे ग्रीस लावत नाही का?" मी विचारलं.

हेर क्र्युगर यांनी जाकीट स्वतःकडे ओढलं.

"त्याचं काय आहे," त्यांची बायको म्हणाली, "तिथे त्यांना दिसतच नाही. पोट मध्ये येतं."

मी तिथल्या तिथे ब्रश घेतला. कोपरं काळी ठेवली, पोटावर तो पट्टा ओढला. त्यांनी भिंगातून बराच वेळ बघितलं.

"हो. हे माझं जाकीट आहे."

मला हायसं वाटलं. तेवढ्यात ते टेबलावर वाकले, बायकोकडे पाठ करून. "पोट जरा कमी करता येईल का?"

मी फ्राऊ लिंडनरकडे बघितलं. ती खिडकीबाहेर बघत होती. मी कानस घेतली आणि अर्धा मिलिमीटर पोट घासून टाकलं. अर्थात पट्टाही गेला, तो पुन्हा रंगवावा लागला. शुक्रवारी माझी नोकरी पक्की झाली.

पुढच्या आठवड्यात उरलेल्या सातही जणांचे फोन आले. जाकिटाबद्दल कुणीच काही विचारलं नाही. तेव्हापासून मी नियम केलाय: कपडे हुबेहूब रंगवायचे, पण कानस हाताशी ठेवायची.