दाराच्या बाजूची खुर्ची

कमल सिस्टर गेल्याचं मला शेजारच्या काकूंनी रेशनच्या रांगेत सांगितलं. साखर, रॉकेल, तांदूळ... मनात घोकत आणलेली यादी तिथंच विस्कटली. दुःख नंतर झालं, आधी भीती वाटली. यांना पुन्हा काही झालं तर बोलवायचं कुणाला?

दहाएक वर्षांपूर्वी आम्ही चिंचवडला दोन खोल्यांत राहायचो. हे पिंपरीच्या एका कंपनीत लेथवर होते. हळूहळू यांची झोप उडाली. डब्यात कुणीतरी विष कालवतंय, असं म्हणून जेवण टाकू लागले. एका दुपारी पोळपाट भिरकावला, तेव्हा चाकणहून आलेल्या धाकट्या दिरांनी यांना आतल्या खोलीत ढकललं आणि बाहेरून कडी घातली. "वैनी, कडी काढायची न्हाई. कुणाला मारलंबिरलं तर?" आतून दार धडधडत होतं. मुलीला शेजारी धाडून मी सुऱ्या, विळी, वरवंटा पिशवीत भरत सुटले.

कंपनीच्या डॉक्टरांनी कमल सिस्टरांना पाठवलं. नर्सिंगनंतर त्यांनी बंगळूरला मनाच्या आजारांचं वेगळं शिक्षण घेतलं होतं. अशाही सिस्टर असतात, हे मला ठाऊकच नव्हतं. पिशवी बघून म्हणाल्या, "वहिनी, आता भाजी दातांनी चिरणार?" मग दाराशी जाऊन हळू आवाजात, "भाऊ, मी कमल, नर्स. कडी काढते. तुम्हाला हात लावणार नाही." खुर्ची त्यांनी दारासमोर नाही, बाजूला ठेवली. बाहेर यायची वाट मोकळी.

"पळाला म्हंजे?" दीर म्हणाले.

"तुमच्यापेक्षा जास्त घाबरलेत ते."

हे उंबऱ्यापाशी येऊन थबकले. सिस्टरांनी सरळ विचारलं, "आवाज येतात का?" असलं कुणी विचारतं?

"येतात," हे म्हणाले, आणि खाली बसले.

पुढे त्या दर आठवड्याला यायच्या. "गोळ्या डॉक्टर लिहून देतात, वहिनी. त्या पोटात जातात का, हात थरथरतात का, झोप लागते का, ते मी बघणार. मी नसेन तेव्हा तुम्ही." हे पुन्हा कामावर जाऊ लागले, तरी कुठं भांडं आपटलं की मी आधी यांच्याकडे बघायची. अजूनही बघते.

त्या दिवशी घरी येऊन यांना बातमी सांगितली. हे आतल्या खोलीत जाऊन बसले. ताटाला हात लावला नाही. मागच्या वेळी सुरुवात अशीच झाली होती... खुर्ची दाराच्या बाजूला ओढली, वाट मोकळी ठेवली आणि विचारलं, "आवाज येतायत का?"

यांनी मान हलवली. "नाही गं. रडू येतंय."

खुर्ची मी अजून तिथून हलवलेली नाही.