रिकाम्या सीटला पेट्रोल

कोणी स्कूटर सुरू केली की आमचे अण्णा आधी तिच्या मागच्या सीटवर तळहात ठेवायचे. मग विचारायचे, "ही रिकामीच चालली? रिकाम्या सीटला कशाला पेट्रोल पाजता?" समोरचा ओशाळून हसेपर्यंत हात उचलायचे नाहीत.

तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेल, ज्याला लांबून पाहून लोक गल्ली बदलतात. मीही बदलायचे. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी पुण्याहून बंगळूरच्या एका कारखान्यात नोकरीला आले आणि जयनगरात खोली घेतली. अण्णा त्याच कारखान्यात बॉयलरवर फोरमन होते आणि माझ्याच गल्लीत राहायचे. त्यांचं घराणं कित्येक पिढ्या बंगळुरात मुरलेलं, त्यामुळे मराठीही निम्मी कन्नडात भिजलेली. मी नवीकोरी स्कूटर घेतली तेव्हा पेढा हातात धरूनच त्यांनी विचारलं, "छान आहे गं. मागं कोण बसणार?"

एक कॉफी दोघांत घ्यायची इथली जुनी रीत आहे, तिला बाय-टू म्हणतात. बसस्टॉपजवळच्या हॉटेलात अण्णांनी अख्खी कॉफी घेतलेली मी कधी पाहिली नाही. त्यांचा सगळा प्रचार त्या अर्ध्या ग्लासावर उभा होता. "कॉफी बाय-टू चालते, मग स्कूटर का नको? मी बॉयलरवाला. जाळलेलं परत येत नाही, हे रोज बघतो."

पेट्रोलपंपांवर रांगा लागायला लागल्या तेव्हा त्यांना जोर चढला. दर रविवारी वही घेऊन घरोघर जायचे आणि लग्नं जुळवावीत तशा स्कूटरच्या जोड्या जुळवायचे. माझ्यामागे स्टोअरमधल्या एक बाई आल्या. दोन महिन्यांत आमच्या भागातली एकही स्कूटर कारखान्यात एकटी येईना. अण्णा खूश होते.

मग फलकावर नोटीस लागली. कारखान्याच्या बसला जयनगरहून रोज पंचवीस माणसं नसतील, तर ती फेरी बंद होणार होती. तेव्हा कुठे आमच्या डोक्यात प्रकाश पडला. स्कूटरींच्या मागे बसलेली माणसं आली होती बसमधूनच.

त्या बसनं टेलिफोन ऑपरेटर अक्का यायच्या. लहानपणीच्या पोलिओमुळे त्या कुबडी घेऊन चालायच्या. स्कूटरवर त्यांना बसता येत नव्हतं आणि शहरबसच्या गर्दीत चढणं शक्य नव्हतं. आमचा ड्रायव्हर त्यांच्यासाठी बस अगदी फुटपाथला चिकटवून उभी करायचा. फेरी गेली की त्यांची नोकरी गेली, आणि घरात कमावणाऱ्या त्या एकट्याच.

"घोळ माझाच," अण्णा म्हणाले. "छोट्या गाड्या भरायच्या नादात मोठी रिकामी केली."

पुढच्या रविवारी तीच वही, तीच घरं. आता म्हणायचं होतं, स्कूटर घरीच ठेवा. लोकांनी यथेच्छ टिंगल केली. "आधी बसा म्हणालात, आता उतरा म्हणता," एकानं तोंडावर सुनावलं.

"सरी, बरोबर आहे, चुकलो," अण्णा शांतपणे म्हणाले. "आता स्वल्प ऐका."

त्यांनी स्वतःची स्कूटर विकली आणि स्टॉपवर अक्कांबरोबर बाय-टू घेऊन बसमध्ये त्यांच्याच शेजारी बसायला लागले. हळूहळू माणसं परतली, माझ्यामागच्या बाईसुद्धा. मी मात्र आठवड्यातून दोनच दिवस बसनं यायचं कबूल केलं, तेही उपकार केल्यासारखं. स्वतःच्या कमाईची पहिली गाडी होती ती, सोडवत नव्हती. रोज सकाळी कारखान्याच्या गेटवर वॉचमन बसमधली डोकी मोजायचा. माझ्या दिवशी सव्वीस, एरवी जेमतेम पंचवीस. फेरी टिकली.

काही वर्षांनी अण्णा निवृत्त झाले. निवृत्त होणाऱ्याला हार घालून साहेबांच्या मोटारीतून घरी सोडायची आमच्याकडे पद्धत होती. मोटार दारात आली. अण्णांनी आत वाकून मागच्या सीटवर तळहात ठेवला, ड्रायव्हरच्या पाठीवर थाप मारली आणि हारासकट चालत जाऊन बसमध्ये बसले. साहेबांसकट आम्ही सगळे हसलो. त्या दिवशी मीही बसमध्ये होते. जयनगरला उतरल्यावर ते मला म्हणाले, "उद्यापासून एक कमी होईल गं." दुसरं काही मागितलं नाही. मला फार लाज वाटली.

दुसरा दिवस माझा स्कूटरचा होता. किल्ली हातात घेऊन मी थोडा वेळ उभी राहिले, मग ती खिळ्याला अडकवली आणि चालत स्टॉपवर गेले. हॉटेलवाल्यानं सवयीनं अक्कांसमोर दोन अर्धे ग्लास ठेवले होते. अक्कांनी एक माझ्याकडे सरकवला. बसमध्ये मी अण्णांच्या जागेवर बसले.

गेटवर वॉचमन चढला आणि बोट हलवत मोजत मागेपर्यंत गेला.

"पंचवीस," तो म्हणाला आणि त्यानं बस आत सोडली.