दोन दाते जादा

माझे बाबा फार विनोदी आहेत, असं काचीगुड्यातले आमचे सगळे ओळखीचे सांगतात. जामबागच्या एका कॉलेजात त्यांनी जन्मभर भौतिकशास्त्र शिकवलं, आणि त्यांचे विद्यार्थी अजून रस्त्यात भेटले की त्यांचेच जुने विनोद त्यांना ऐकवतात. बाहेरच्यांना तो विनोद फुकटात मिळाला. घरात तो रोज आईच्या पानात पडायचा आणि तिला तो मुकाट्याने संपवावा लागायचा.

आमच्याकडे एक मोटरसायकल आहे, माझ्या जन्माआधी घेतलेली. मी लहान असताना दर रविवारी सकाळी आम्ही तिघं तिच्यावरून टेकडीवरच्या देवळात जायचो. मी टाकीवर, माझ्या मागे बाबा, आणि त्यांच्या मागे आई, एका बाजूला पाय सोडून. टेकडीचा चढ लागला की इंजिन धडधडायचं, गाडी आचके द्यायची, बाबा ब्रेक दाबायचे आणि मागे वळूनही न बघता म्हणायचे, “उतर. ओढत नाही.”

आई उतरायची. पूजेचं ताट पदराखाली सांभाळत ती चढ चालू लागायची आणि आम्ही दोघं भुर्रकन वर. वर बाबा झाडाखाली गाडी लावायचे, ओळखीच्यांशी गप्पा छाटायचे. आई घामाघूम होऊन पोचली की चारचौघांत विचारायचे, “आलीस? देव जेवून झोपला की गं!” लोक हसायचे. आईही हसायची, कारण दुसरं करायचं काय हे तिला कुणी शिकवलंच नव्हतं. उतरताना मात्र तिला गाडीवर बसायची मुभा होती. “बस आता,” बाबा म्हणायचे, “उताराला वजन चालतं.”

आई कधीही जाड नव्हती. जुने फोटो काढून बघा, खांद्याची हाडं मोजता येतील. पण भौतिकशास्त्राचा प्राध्यापक घरात होता आणि त्याने तिला वजन, चढ आणि इंजिनाची ताकद यांचं गणित समजावून सांगितलं होतं. गणित तिला कळलं नाही, आपलं वजन तेवढं कळलं. तिने रात्रीचा भात सोडला. लग्नाकार्यात गोड सोडलं. मला म्हणायची, “नवीन लग्न झालं तेव्हा याच गाडीवरून मी वरपर्यंत जायची, अगदी देवळाच्या पायरीशी उतरायची. तुझ्या वेळेला जे अंग सुटलं ते सुटलंच.” म्हणजे दोष तिचा, आणि थोडा माझा. गाडीचा नाही, बाबांचा तर नाहीच.

तिला काय हवं होतं ते मला ठाऊक होतं. एकदा तरी न उतरता त्या टेकडीवर जायचं. हे तिने देवाकडे कधी मागितलं नाही. देवाला सांगण्याइतकं ते मोठं नाही असं तिला वाटायचं, म्हणून ती ते मला सांगायची.

आता बाबांच्या गुडघ्यांनी किक मारायला नकार दिला आहे आणि गाडी माझ्याकडे आली आहे. मी गच्चीबावलीत कॉम्प्युटरसमोर बसून पोट भरते आणि सुट्टीच्या दिवशी ही गाडी चालवते. मध्यंतरी तिची चेन उड्या मारायला लागली. मी ती नामपल्लीच्या एका गल्लीत मेकॅनिककडे न्यायला निघाले, तर बाबा मागे बसले. गाडी माझी झाली तरी मत त्यांचंच. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही.

मेकॅनिकने बाजूचं झाकण काढलं, चिखल पुसला आणि म्हणाला, “पूरा सेट गया मॅडम. चेन, आगे का, पीछे का, तीनों. नवी चेन पुराने दाँतां पे डाले तो दो महिने में खा जाती.” मग पुढच्या स्प्रॉकेटवर, म्हणजे चेन फिरवणाऱ्या दातेरी चकतीवर, बोट ठेवून त्याने कपाळाला आठ्या घातल्या. “ये सोला दाँत का किसने डाला? कंपनी से तो चौदा आता इसमें.”

बाबा स्टुलावरून खदखदून हसले. “हमीच डाले!”

मी विचारलं, “कधी?”

“तुझ्या जन्माच्या आसपास,” बाबा मराठीत म्हणाले. त्यांना विचारलं गेल्याचा आनंद झाला होता. “मला जहिराबादच्या रस्त्यावर पळवायची होती. पुढचे दाते वाढवले की गाडी पळते, पण चढाला जीव काढते. म्हटलं काढू दे. तुझ्या आईला दर रविवारी देऊळ झालं की पुढे माहेरी जायचं असायचं, मागून सारखी भुणभुण. दोनचार वेळा चढाखाली उतरवली, वर पोचेपर्यंत दमली आणि सगळं गप्प. देवळातून घरी, घरातून देवळात. एका दगडात दोन पक्षी!”

ते माझ्याकडे बघत होते, मी हसायची वाट बघत.

“आणि वजनाचं?” मी विचारलं.

“ती आपणहून बारीक झाली, त्यात माझं काय बिघडलं?”

माझ्या अंगाची लाही झाली. दोन दाते. नखाएवढे दोन दाते, आणि त्यांच्यासाठी एका बाईने उभ्या आयुष्याचा भात सोडला. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच, फक्त इथे मारणारा वर्गात टाळ्या घेत होता.

मेकॅनिकला आमच्या मराठीतलं किती कळलं कोण जाणे, पण त्याने धंद्याची गोष्ट धरून ठेवली. “बोलो, क्या डालूँ? सोला डाले तो भागती, चौदा डाले तो खींचती. दोनों कामाँ एक गाडी से नै होते. मेरी मानो तो पंदरा डालो, बीच का.”

“सोळाच,” बाबा म्हणाले. “चौदावर हायवेला नुसती बोंबलेल. इंजिन फिरतंय आणि गाडी जागेवर. स्कूटरवाले पुढे जातील तुझ्या.”

“जाऊ देत,” मी म्हणाले. “चौदा.”

“बुद्धी गहाण टाकलीस का?”

“चौदा डालो, भाई.”

चौदा दात्यांचं मिळायला वेळ लागला. या गाडीचे सुटे भाग आता कुणी ठेवत नाही. शेवटी दुसऱ्याच एका गाडीचं सापडलं, ज्याच्या आतल्या खाचा आमच्या गाडीच्या दांड्याला नेमक्या बसल्या. मागचं बेचाळीस दात्यांचंच ठेवलं, फक्त नवं. चेन थोडी तोडून लहान केली, मागचं चाक सरकवून ताण बघितला. बाबा सगळा वेळ बघत होते, कुठला भाग कुठे बसला ते सगळं. हे मी मुद्दाम सांगते आहे.

त्या रविवारी मी आईला मागे बसवलं. टेकडीचा चढ आला तशी ती सवयीने सीटवरून सरकली, एक पाय खाली सोडून तयार. “थांबव गं,” ती म्हणाली, “इथं उतरते मी.”

“बसून राहा.”

“नको, ओढत नाही ती.”

मी गियर खाली घेतला आणि थांबले नाही. गाडी रागाने ओरडत, पण एकदाही आचका न देता, चढ चढून गेली. देवळाच्या पायरीशी मी थांबले. आई उतरली. तिच्या चेहऱ्यावर लहान मुलीसारखं हसू होतं. “अगोबाई,” ती म्हणाली, “मी खरंच बारीक झाले का गं?”

खोटं बोलायची ती वेळ होती. हौ आई, झालीस, असं म्हटलं असतं तर ती सुखाने देवासमोर गेली असती. मी तिला खरं सांगितलं. सोळा, चौदा, माहेर, एका दगडात दोन पक्षी, सगळं. तिला सुख द्यायचं नव्हतं मला, राग द्यायचा होता. तिच्याकडे स्वतःचा कधीच नव्हता.

ती पायरीवर बसली. हसू गेलं. मग तिने ताटातला पेढा उचलला, नैवेद्य न दाखवताच तोंडात टाकला आणि म्हणाली, “पुढच्या रविवारी यांना घेऊन ये. मी रिक्षाने आधी येते.”

पुढच्या रविवारी बाबा खुशीत होते. गाडीवर बसायला मिळतंय म्हणून इस्त्रीचा शर्ट घातला होता. चढाच्या पायथ्याशी मी ब्रेक दाबला आणि मागे न बघता म्हणाले, “उतरा बाबा. ओढत नाही.”

ते हसले. मी हसले नाही.

“चौदा दाते आहेत पुढे,” ते म्हणाले. “माझ्या डोळ्यांदेखत बसवलेत.”

“वजन वाढलंय तुमचं.”

मग गाडी एकदम हलकी झाली. मी आरशात पाहिलं नाही. वर गेले, झाडाखाली गाडी लावली आणि आईशेजारी उभी राहिले. खाली बाबा दिसत होते. चार पावलं टाकायचे, गुडघा धरायचे, कठड्याला टेकायचे. येणाऱ्या-जाणाऱ्यांत त्यांचा एक जुना विद्यार्थी असावा, तो थांबून काही विचारत होता आणि बाबा हाताने त्याला जा म्हणत होते. मला वाईट वाटलं का? नाही. बरं वाटलं, आणि ते लपवायची मला गरज वाटत नाही.

ते वर पोचले तेव्हा शर्ट पाठीला चिकटला होता. आसपास लोक होते. आईने हातातला प्रसाद पुढे केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, “आलात? देव जेवून झोपला की हो!”

दोनतीन जण हसले. बाबांनी प्रसाद घेतला. ते वाक्य कुणाचं हे त्यांना आठवलं असणार, कारण ते लोकांकडे पाठ करून तो खाऊ लागले.

निघताना आईने रिक्षा बोलावली आणि बाबांना माझ्या गाडीकडे बोट दाखवलं. “बसा आता. उताराला वजन चालतं.”

मला वाटलं होतं की एवढ्यावर फिट्टंफाट होईल. पण त्यानंतरच्या रविवारी मी बाबांना पुन्हा घेऊन निघाले, आणि या वेळी मला थेट वरपर्यंत जायचं होतं. चढ आला. मी गियर खाली घेत होते, तेवढ्यात मागून त्यांचा हात खांद्यावर पडला.

“थांबव,” ते म्हणाले. “इथं उतरतो मी.”

त्यांचा एक पाय आधीच खाली सुटला होता, आईचा सुटायचा तसाच. मी थांबवली.