आंबिलीचा तिसरा घोट

"पोट साफ झालं का?" आमच्या मावशी गिऱ्हाइकाला आंबील देण्याआधी हे विचारायच्या. देवळाकडे निघालेले लोक लाजायचे, पण उत्तर द्यायचे. औंढ्यात त्यांचा गाडा माझ्या शिलाईच्या दुकानासमोर होता. अशी माणसं तुमच्याही रस्त्यावर असतील. ती आजारी पडेपर्यंत आपण नीट बघत नाही.

एका उन्हाळ्यात मावशींचं तोंड वाकडं झालं, उजवं अंग गेलं, वाचा बसली. दवाखान्यातून घरी आल्यावर त्यांची सून त्यांना चहात भिजवलेल्या बिस्किटांच्या लगद्यावर ठेवू लागली. लकव्याला आंबट चालत नाही, असं गल्लीभर ठाऊक होतं, म्हणून तिनं आंबील बंद केली. आठ दिवस पोट साफ नव्हतं.

मी डॉक्टरांना गाठलं. ते म्हणाले, ज्वारी-डाळींतला चोथा आतड्यातले जंतू खातात, त्यातून काही द्रव्यं तयार होतात आणि त्यांचा परिणाम पार मेंदूपर्यंत पोचतो. झटक्यानंतर सावरायला त्यांची मदत होत असावी, अजून पक्कं नाही. आंबील द्यायला हरकत नाही, पण आधी गिळणं तपासून घ्या.

शेवटचं वाक्य मी कानाआड केलं. सुनेला खोटं पाडायची घाई झाली होती.

दुसऱ्या दिवशी पातळ आंबील नेली आणि आडव्या पडलेल्या मावशींना पाजली. दोन घोट गेले. तिसऱ्याला त्यांचे डोळे मोठे झाले. ठसकाही येईना. ओठ निळे पडले.

"काकू, काय करून राहिल्या तुमी?" सून धावली. दोघींनी त्यांना उठवलं, पुढे वाकवलं, पाठीत थापट्या मारल्या. शेवटी त्यांना खोकला फुटला.

डॉक्टर मला बरंच बोलले. फुप्फुसात गेलं असेल तर ताप चढेल, म्हणाले. चार दिवस मी दुकान बंद ठेवून मावशींच्या कपाळाला हात लावत बसले. ताप आला नाही.

मग डॉक्टरांनी शिकवलं तसं सुरू केलं: ताठ बसवायचं, हनुवटी खाली, घट्ट आंबील, अर्धाच चमचा. गळा हलल्याशिवाय पुढचा चमचा मी उचलत नसे.

दोन महिन्यांनी मावशी भिंत धरून चालू लागल्या. आंबिलीमुळे की व्यायामामुळे, डॉक्टरांनाही सांगता येईना. एका सकाळी त्यांनी डाव्या हातानं माझ्याकडून चमचा ओढून घेतला.

"भिते... काहून?"

"माझ्या हातून जात होतात तुमी, मावशी."

त्यांनी चमचा काठोकाठ भरला आणि तोंडात घातला. सून चुलीशी थांबली, मी खाटेशी. गळा हलेपर्यंत आम्हा दोघींची नजर तिथंच होती.