मॅडमचं इंग्रजी

थकलेल्या माणसांजवळ किस्से साचत जातात. घडतात त्या दिवशी हसायचीही ताकद नसते, म्हणून. कुरखेड्याच्या पुढे, जंगलातल्या एका सरकारी दवाखान्यात मी नर्स. सोबत ड्रायव्हर रामदासभाऊ, झाडलोट करणाऱ्या शेवंताबाई आणि पुण्याहून नव्याने आलेल्या ऋचा मॅडम, आमच्या एकुलत्या एक डॉक्टर.

मॅडम आल्या त्या दिवशी दोन्हीकडचं जंगल पाहून हरखून जीपमध्येच ओरडल्या, "सिक!" दवाखान्यात राहून रामदासभाऊंना तेवढं इंग्रजी येत होतं. त्यांनी जीप बाजूला घेतली, दार उघडलं आणि पाण्याची बाटली पुढे केली.

"उलटी करून घ्या मॅडम. मंग बरं वाटते."

तापाची साथ आली तेव्हा रांग पार हापशीपर्यंत जायची. एकदा शेवटचा पेशंट गेल्यावर मॅडमनी टेबलावर डोकं टेकलं आणि म्हणाल्या, "आय ॲम डेड." शेवंताबाईंनी मला अर्थ विचारला, मी सांगितला. त्यांनी झाडू बाजूला ठेवला.

"मरू नका बाई. इथी दुसरा डॉक्टर नाई."

एक बाळंतपण फार अडलं होतं. बाळ पायाळू. शेवटी एकदाचं रडलं. मॅडमनी माझ्या पाठीवर थाप मारली, "सिस्टर, यू किल्ड इट!" बाहेर बाळाचा मामा उभा होता, बारावी शिकलेला. तो मटकन खाली बसला आणि तोंडावर दुपट्टा घेऊन रडायला लागला. मी बाळ नेऊन त्याच्या मांडीवर ठेवलं, तरी कितीतरी वेळ तो बाळाकडे न बघता माझ्याकडेच बघत होता.

मॅडमचं काही चुकलं की त्या स्वतःला म्हणायच्या, "आय ॲम सच अ मेस." रामदासभाऊंनी एवढंच ऐकलं की मॅडमच्या मेसचे वांधे आहेत. दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या घरून भात आणि आंबाडीच्या भाजीचा डबा यायला लागला. मॅडमनी त्यांना खरा अर्थ कधी सांगितला नाही. मीही नाही, कारण त्यातली अर्धी भाजी माझ्या वाट्याला यायची.

धानाच्या रोवण्याच्या दिवसांत गावातल्या म्हाताऱ्या सोमाजीबाबांना बांधावर नाग चावला. आणलं तेव्हा पापण्या मिटलेल्या, श्वास अडकत होता. नाल्याला पूर, मोठ्या दवाखान्याची वाट बंद. मॅडमनी सापाचं इंजेक्शन सुरू केलं आणि मॅडम, रामदासभाऊ आणि मी आळीपाळीने फुगा दाबून त्यांना श्वास देत राहिलो. हाताला गोळे आले. बाबांची म्हातारी पायाशी बसून होती, तिने पाणीसुद्धा घेतलं नाही.

दुपार कलल्यावर बाबा आपला श्वास आपणच घ्यायला लागले. मग एक पापणी उघडली, मग दुसरी. मॅडमच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. दोन्ही मुठी वर करून त्या ओरडल्या, "लेट्स गो, बाबा! लेट्स गो!"

रामदासभाऊंनी बाबांना अर्थ सांगितला, "चला". बाबांनी मॅडमकडे पाहिलं. मग म्हातारीकडे. जीभ अजून जडच होती.

"मी नाई येत," ते म्हणाले. "तुम्ही जा."