बांगडीअण्णांचा नकार

आमच्या बांगडीअण्णांच्या तोंडून 'नाही' हा शब्द मी कित्येक वर्षं ऐकलाच नव्हता. मराठीतला 'नाही' नाही, कन्नडमधला 'इल्ला'सुद्धा नाही. सुभाष रोडवरच्या त्यांच्या दुकानात तुम्ही मागितलेली मोरपिशी बांगडी नसली, तर अण्णा म्हणणार, "आय्तु, बघू." आय्तु म्हणजे झालंच समजा. तेवढ्यात हिरव्या, जांभळ्या, शेवाळी बांगड्या समोर मांडायचे, बोटं चेपत चेपत त्यातल्याच हातात भरूनही टाकायचे. आपल्याला मोरपिशी हवी होती, हे घरी आल्यावर आठवायचं.

दुकानदाराच्या जिभेवर 'नाही' येऊ नये, अशी त्यांच्या वडिलांची शिकवण. बांगडी फुटली म्हणायचं नाही, वाढवली म्हणायचं, दुकान बंद करायचं नाही, वाढवायचं, तसंच हे. त्या जिभेवर अण्णांनी एका गाळ्याचं मोठं दुकान केलं, हुबळीला घाऊक धंदा उभारला. कॉर्पोरेटरसाठी उभे राहिले तेव्हा प्रचार काय करायचा? ज्या दारात जावं तिथून बाई म्हणायची, अण्णा, माझ्या लग्नाचा चुडा तुम्हीच भरलात की. पुढं पक्षातल्या दोन मोठ्यांचं जुंपलं आणि दोघांनाही चालेल असा माणूस म्हणून अण्णा मेयर झाले. वर्षभरासाठी.

तिथं मात्र गाडी अडली. सकाळपासून दारात माणसं. कुणाला बस हवी, कुणाला दिवे, पाणी तर सगळ्यांनाच. सगळ्यांना एकच, आय्तु, बघू. त्यांची बायको सुमक्का माझी मैत्रीण. ती कपाळाला हात लावून म्हणायची, "ह्यांनी अख्ख्या गावाला बांगड्या काढून दाखवल्यात. भरणार कुणाच्या हातात?"

आमच्या गल्लीचंच सांगते. आमच्या ओळीत प्रत्येक घरापुढं बसायचा कट्टा होता. माझा तर आमच्या ह्यांनी उभं राहून बांधून घेतलेला, शहाबादी फरशीचा. ते सगळे कट्टे गटारावर आले होते. पाऊस जोराचा झाला की तुंबलेलं पाणी खालच्या अंगाला शांतक्काच्या घरात शिरायचं. त्या वर्षी तिची लेक बाळंतपणाला यायची होती. शांतक्का अण्णांकडं जाऊन म्हणाली, कट्टे काढा, गटार रुंद करा. आय्तु, बघू. मागोमाग आम्ही गेलो, म्हटलं, कट्टे वाचवा. आय्तु, बघू. जेसीबी यायचा, कोपऱ्यावर घुरघुरत उभा राहायचा, कुणाचा तरी फोन आला की परत जायचा. शांतक्का नि मी जन्माच्या शेजारणी, पण एकमेकींकडं बघेनाशा झालो. सकाळी उठून मी आधी कट्टा बघायची, आणि ती आभाळ.

मे संपता संपता एका संध्याकाळी अण्णा आले. गाडी लांब थांबवून, चालत. कट्ट्यावर टेकले, फरशीवरून हात फिरवला, चहा घेतला. मी विचारलं, मग काय ठरलं? उत्तर ठाऊकच होतं, म्हणून मी कप उचलायलाही लागले.

"नाही, अक्का," अण्णा म्हणाले. "कट्टा राहणार नाही."

बोलले आणि शाळेतल्या पोरासारखे माझ्या तोंडाकडं बघत बसले. मला राग यायला हवा होता. पण खरं सांगते, डोक्यावरची भरलेली पाटी कुणीतरी खाली उतरवून घेतल्यासारखं झालं. मी एवढंच म्हटलं, "अहो, हे सांगायला अख्खा उन्हाळा घालवलात?"

"दुकानात मी कितीही 'बघू' म्हटलं तरी गिऱ्हाईक कंटाळलं की शेजारच्या दुकानात जातं, अक्का. मेयरला शेजारचं दुकान नसतं. माणूस बसूनच राहतं बिचारं." मग जरा हळू म्हणाले, "शांतक्काला मी सांगू, का तुम्ही सांगता?"

मीच गेले. ती भाकरी थापत होती. ऐकलं आणि पिठाच्या हातानंच माझा हात धरून ठेवला. कट्टे निघाले तेव्हा त्यातली चांगलीशी फरशी धुणं धुवायला म्हणून मागून घेण्याइतकी ती पूर्वीची शांतक्का झाली होती. पाऊस झोडपून पडला. पाणी गटारातून खळाळत गेलं, बाळंतिणीची खोली कोरडी ठणठणीत.

त्यानंतर अण्णांनी पुष्कळांना 'नाही' सांगितलं. काही चिडले, काही हात जोडून आपल्या उद्योगाला लागले. पुढच्या वेळी पक्षानं तिकीट दिलं नाही, त्या दिवशी सुमक्कानं शेवयांची खीर केली आणि अण्णांनी दोनदा मागून घेतली. गेल्या हिवाळ्यात ते गेले. झोपेतच, कुणाला तिष्ठत न ठेवता.

परवा माझ्या नातीला स्थळ आलं. मुलगा बरा होता, पण पोरीच्या मनात नव्हतं. आमच्याकडं अशा वेळी पत्रिका जुळवतोय, मामा गावाला गेलेत, असं करत महिने काढतात. मी त्याच संध्याकाळी फोन लावला आणि जमायचं नाही म्हणून सांगून टाकलं. फोनवर मुलाची आई होती.

"बरं झालं बाई, लगेच सांगितलंत," त्या म्हणाल्या. "मुलाला दुसरीच एक पसंत आहे. तुमच्यापायी तिच्या आईला आम्ही ताटकळत ठेवलंय. ठेवते हं फोन, तिला कळवते आधी."